पाठकोऱ्या कागदाचा तारा

शास्त्रपाठ : योहान ६:१-१३, मत्तय १:१-१७, लूक २:१-७, २ तीमथ्य १:३-५



डिसेंबर उजाडला की आपल्या घरांत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. वर्षभर साठलेल्या रद्दीचा गठ्ठा बांधून दाराशी ठेवला जातो आणि त्याच दारातून चकचकीत कागदाचे तारे, झालरी व तयार गोठे विकत आणून आत घेतले जातात. जबलपूरच्या ज्या कांचघर भागात बसून मी हा लेख लिहीत आहे, तेथेही असेच घडते. कबाड्याची हातगाडी कागद घेऊन जाते, आणि संध्याकाळी आपण दुकानातून कागदच घेऊन येतो. मधल्या मधे नातवंडांचे हात मात्र रिकामेच राहतात.

या लेखात नाताळच्या सुटीत नातवंडांना सोबत घेऊन करावयाच्या तीन कागदी वस्तूंची कृती दिली आहे. परंतु कृतीपूर्वी थोडा शास्त्राभ्यास करू. 'टाकाऊतून टिकाऊ' हा शाळेतील कार्यानुभवाच्या तासाचा विषय म्हणून आपल्याला ठाऊक आहे. तो आपल्या विश्वासाचाही विषय आहे, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही.

तुकड्यांविषयी प्रभूची आज्ञा

पाच हजारांच्या भोजनाची कथा आपण मुलांना सांगतो, ती बहुधा सर्व तृप्त झाले येथे संपवतो. योहान मात्र तेथे थांबत नाही. लोक जेवून तृप्त झाल्यावर प्रभू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगतो, आणि त्याचे कारणही देतो : काही वाया जाऊ नये. ज्याच्या शब्दासरशी पाच भाकरी हजारोंना पुरल्या, त्याला उरल्यासुरल्याची काय गरज होती? उद्या पुन्हा भाकरी वाढवता आल्या असत्या. तरीही त्याने तुकडे मोजून बारा टोपल्या भरवल्या.

येथे मूळ ग्रीक भाषेतील क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. ते आहे 'अपोल्लुमी'. मराठीत आपल्याला प्रसंगानुसार त्यासाठी निरनिराळे शब्द घ्यावे लागतात. भाकरीच्या बाबतीत 'वाया जाणे', मेंढराच्या बाबतीत 'हरवणे', मनुष्याच्या बाबतीत 'नाश पावणे'. मूळात तिन्ही ठिकाणी हेच क्रियापद आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेले मेंढरू, योहान ३:१६ मधील नाश न पावणारा विश्वासणारा, आणि गवतावर पडलेला भाकरीचा तुकडा हे तिघे एका शब्दाने बांधलेले आहेत. इतकेच नव्हे, तर त्याच सहाव्या अध्यायात पुढे, ३९व्या वचनात, पित्याने मला जे दिले त्यातले काहीही मी हरवू नये, अशी पित्याची इच्छा असल्याचे प्रभू सांगतो, तेव्हाही हेच क्रियापद येते. तुकड्यांविषयी जो धडा शिष्यांनी हातांनी गिरवला, त्याचा अर्थ प्रभूने त्यांना नंतर शब्दांनी उलगडून सांगितला. अनुवाद करताना हा धागा मराठीत एका शब्दाने राखता येत नाही, याची रुखरुख मला नेहमी वाटते. म्हणून तो येथे सांगितला.

तेव्हा तुकडे वेचणे म्हणजे केवळ काटकसर नव्हे. आपला प्रभू काहीच सहजी टाकून देत नाही, याची ती हातांनी दिलेली साक्ष आहे.

उकिरड्यात सापडलेली वंशावळ

मराठीत एक सुंदर शब्द आहे : पाठकोरा. ज्याची एक बाजू लिहिलेली आणि दुसरी कोरी आहे, असा कागद. आपल्या आजीआजोबांच्या पिढीने पाठकोऱ्या कागदावर हिशेब लिहिले, पत्रे लिहिली, मुलांना पाढे घोकवले. पवित्र शास्त्राच्या इतिहासातही या पाठकोऱ्या कागदाला मानाचे स्थान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

१८९६-९७ च्या हिवाळ्यात बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट या ऑक्सफर्डच्या दोन तरुण विद्वानांनी मिसर देशातील ऑक्सिरिंकस या प्राचीन नगराच्या जागी खोदकाम सुरू केले. त्यांनी राजवाडा किंवा मंदिर खोदले नाही. गावाबाहेरचे उकिरडे खोदले. शेकडो वर्षे लोकांनी तेथे आपली रद्दी टाकली होती. कोरड्या वाळूत ती टिकून राहिली. पावत्या, खरेदीखते, घरगुती पत्रे, शाळेतील मुलांचे लेखन अशा ढिगाऱ्यात त्या पहिल्याच हंगामात पपायरसाचे एक फाटके पान हाती आले. ते मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाचे होते. ख्रिस्ताची वंशावळ, आणि योसेफाला स्वप्नात देवदूत दिसतो तेथपर्यंतचा मजकूर त्यावर आहे. तिसऱ्या शतकातील हे पान आज अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे, आणि नव्या कराराच्या पपायरसांच्या जागतिक यादीत त्याचा क्रमांक पहिला आहे. ख्रिस्तजन्माची वार्ता उकिरड्यातून वर आली!

त्याच नगरात इब्री लोकांस पत्राची एक प्रत सापडली. ती लिहिणाऱ्याला नवा पपायरस परवडला नसावा. लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथाचा संक्षेप ज्या गुंडाळीवर लिहिलेला होता, तिच्या कोऱ्या पाठीवर त्याने हे पत्र उतरवले. प्रकटीकरणाचा एक तुकडाही असाच निर्गमाच्या गुंडाळीच्या पाठीवर लिहिलेला मिळाला. म्हणजे आपल्या पूर्वीच्या विश्वासणाऱ्यांनी देवाचे वचन पाठकोऱ्यावर लिहून जपले. पाठकोऱ्या कागदाला कमीपणा मानणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

खर्डे आणि कात्री

आता एक घरचा प्रसंग सांगतो, कारण त्याशिवाय पुढची कृती पुरी होणार नाही.

अनुवादाच्या कामात एकेका अध्यायाचे अनेक खर्डे होतात. सुधारणा झाली की जुना खर्डा बाद होतो. असे बाद खर्डे मी वर्षानुवर्षे टेबलाखाली रचून ठेवीत आलो. एका डिसेंबरात मुलीची मुलगी सुटीला आमच्याकडे आली होती. वय वर्षे सात. दुपारी मी डुलकीतून उठलो, तर ही जमिनीवर बसून लूकच्या दुसऱ्या अध्यायाच्या खर्ड्याच्या पट्ट्या कापत होती. मी ओरडलो. शास्त्राची वचने कात्रीने कापतात का, असे काहीतरी बोललो. तिने कात्री खाली ठेवली, पट्ट्या नीट एकावर एक रचल्या आणि उठून गेली. त्यानंतर दोन दिवस तिने कात्रीला हात लावला नाही आणि माझ्या खोलीतही आली नाही.

त्या दोन दिवसांत मला स्वतःला काही प्रश्न विचारावे लागले. ते खर्डे मी खरोखर कशासाठी जपत होतो? त्यांतील वाक्ये मीच चुकीची म्हणून खोडली होती. वचनाचा आदर मी कागदाला देत होतो, आणि ज्या बालकाच्या हृदयावर ते वचन लिहिले जावे, त्याला खोलीबाहेर घालवले होते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल सांगतो की, ख्रिस्ताचे पत्र शाईने नव्हे, तर आत्म्याने, आणि दगडी पाट्यांवर नव्हे, तर मांसमय हृदयांवर लिहिलेले असते. त्या अध्यायाचेही खर्डे माझ्या टेबलाखाली होते.

तिसऱ्या दिवशी मी तो गठ्ठा तिच्यापुढे नेऊन ठेवला आणि क्षमा मागितली. तिने विचारले, "नानाजी, यातले चुकलेले कोणते?" मी म्हणालो, "सगळेच थोडेथोडे चुकलेले आहेत." तेव्हा ती हसली. आमच्या घरचा त्या वर्षीचा तारा या चुकलेल्या पानांचा झाला.

वाचकहो, छापील पवित्र शास्त्राची पाने कापावीत, असे मी सुचवीत नाही. आपल्या मंडळीतील कोणाचे मन दुखावेल असे काही करू नये. परंतु जुन्या उपासना-पत्रिका, पार पडलेल्या कार्यक्रमांची निमंत्रणे, गतवर्षीची दिनदर्शिका, शाळेच्या भरलेल्या वह्या यांना मुलांच्या हाती देताना कचरू नये.

आजी हा शब्द

वरच्या प्रसंगात ती मला 'नानाजी' म्हणाली, हे आपल्या ध्यानात आले असेल. जबलपूर आणि नागपूर १९५६ सालापर्यंत एकाच प्रांतात होते. रेल्वे, कचेऱ्या, शाळा आणि कारखाने यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली. आता तिसरी-चौथी पिढी घरात हिंदी बोलते, शाळेत इंग्रजी शिकते, आणि मराठी तिला केवळ म्हाताऱ्यांच्या प्रार्थनेत ऐकू येते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांचा अनुभव याहून फार वेगळा नसावा. आणि पुण्यामुंबईच्या वाचकांनीही आपल्या घरात कान देऊन ऐकावे.

पौल तीमथ्याच्या विश्वासाचा उगम सांगताना प्रथम त्याच्या आजीचे, लोईसचे, नाव घेतो. मग आई युनीकेचे. येथील मूळ शब्द 'माम्मे' हा संपूर्ण नव्या करारात एकदाच आला आहे. लोईस आईची आई होती की वडिलांची, हे त्या शब्दावरून कळत नाही. हिंदी अनुवादकाला 'दादी' किंवा 'नानी' यांतून एक निवडावेच लागते. मराठीतील 'आजी' मात्र दोघींनाही सामावून घेते आणि मूळ शब्दाला तंतोतंत बसते. आपल्या मातृभाषेचे हे एक लहानसे धन आहे.

लोईसने तीमथ्याला काय काय शिकवले, याचा तपशील पौल देत नाही. परंतु आजीआजोबा उपदेशाने थोडे आणि सोबत काम करण्याने फार शिकवतात, हा सर्वांचाच अनुभव आहे. "मराठी बोल" असे सांगून मूल मराठी बोलत नाही. परंतु "ही घडी दुमड, कडेला खळ लाव, सांधा दाबून धर, सुकू दे" असे म्हणत चार तास बरोबर बसलात, तर घडी, दुमड, खळ, कड, सांधा हे शब्द त्याच्या बोटांतून जिभेवर येतात. शब्दांबरोबर विश्वासाची कथाही येते. पुढील कृती या दृष्टीने वाचाव्यात.

पूर्वतयारी

दोन मोठे चमचे मैदा किंवा कणीक अर्ध्या पेला थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावी. दीड पेला पाणी उकळून त्यात ती ओतावी आणि ढवळत राहून चकाकी येईपर्यंत शिजवावी. ही झाली खळ. हिवाळ्यात ती दोन-तीन दिवस टिकते. किडे लागू नयेत म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या कामात मुळीच घालू नये. याशिवाय बोथट टोकाची कात्री, जाड दोरा, पट्टी आणि विणकामाची लांब सुई एवढे पुरे. प्लास्टिकचा थर असलेले वा चमकी लावलेले कागद वेगळे काढावेत. त्यांचा लगदा होत नाही. वर्तमानपत्राची शाई हातांना लागते, म्हणून खाण्यापूर्वी हात धुवायला लावावेत.

पहिली कृती : वंशावळीची साखळी

ही १ डिसेंबरपासून रोज एक कडी जोडून करावयाची आहे. गतवर्षीच्या दिनदर्शिकेच्या एक इंच रुंद व आठ इंच लांब अशा चोवीस पट्ट्या कापाव्यात. पंचविसावी पट्टी शुभ्र कागदाची असावी. प्रत्येक पट्टीवर मत्तयाच्या वंशावळीतील एक नाव मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. क्रम असा ठेवता येईल : अब्राहाम, इसहाक, याकोब, यहूदा, तामार, पेरेस, सल्मोन, राहाब, बवाज, रूथ, ओबेद, इशाय, दावीद, उरीयाची पत्नी, शलमोन, रहबाम, यहोशाफाट, हिज्कीया, मनश्शे, योशीया, यखन्या, जरूब्बाबेल, योसेफ, मरीया. ही चोवीस नावे झाली. नाताळच्या सकाळी शुभ्र पट्टीवर 'येशू' हे नाव लिहून ती कडी जोडावी. सर्व मिळून चार-साडेचार फुटांची साखळी होते. जेवणाच्या खोलीत ती टांगावी.

रोज कडी चिकटवताना त्या व्यक्तीची कथा दोन-तीन मिनिटांत सांगावी. मूल एक प्रश्न हमखास विचारील : मनश्शे तर वाईट राजा होता, मग तो यात कशाला? राहाब कशाला? उरीयाच्या पत्नीचे नाव का नाही? या प्रश्नांची उत्तरे घाईने देऊ नयेत. तुकडे वेचण्याची कथा त्याला पुन्हा सांगावी. मधली एक कडी काढून टाकली, तर शुभ्र कडीपर्यंत साखळी पोहोचत नाही. हे त्याला हातात साखळी धरून पाहू द्यावे.

इच्छा असल्यास शेजारी दुसरी एक साखळी करावी : आपल्या कुटुंबाची. पणजोबांचे, पणजीचे, ज्यांनी प्रथम प्रभूचा स्वीकार केला त्यांचे नाव. पुष्कळ घरांत नातवंडांना ही नावे ठाऊक नसतात. ज्यांचे नाव घेताना घरात शांतता पसरते, अशाही एखाद्या नातलगाची कडी त्या साखळीत असू द्यावी.

दुसरी कृती : तारा

कागदी ताऱ्याचा आपल्या शाळांशी जुना संबंध आहे. जर्मनीतील नीस्की या गावी मोरावियन मंडळीच्या शाळेत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, भूमिती शिकवताना अनेक टोकांचा कागदी तारा तयार झाला. मोरावियन शाळांत दूरदेशी सेवेला गेलेल्या मिशनऱ्यांची मुले राहत. आईबापांपासून दूर असलेल्या त्या मुलांच्या हातून हा तारा घरोघर गेला आणि पुढे जगभर पसरला.

आपण मात्र आपल्याकडचा पाच टोकांचा तारा करू. बांबूच्या कामट्यांऐवजी वर्तमानपत्राच्या नळ्या वापराव्यात. एक पान तिरके ठेवून कोपऱ्यापासून विणकामाच्या सुईवर घट्ट गुंडाळावे, शेवटचा कोपरा खळीने चिकटवून सुई ओढून घ्यावी. अशा नळ्यांतून अठरा इंची दहा आणि चार इंची पाच तुकडे कापावेत. एक रात्र सुकल्यावर त्या चांगल्या कडक होतात.

मूल पेन्सिल न उचलता पाच रेघांत जसा तारा काढते, तशा पाच लांब नळ्या जमिनीवर मांडाव्यात. पाचही टोके व आतील पाच छेद दोऱ्याने बांधावेत. असेच दोन सांगाडे करावेत. ते एकावर एक ठेवून केवळ बाहेरची पाच टोके एकत्र बांधावीत. मग आतील प्रत्येक छेदापाशी दोन सांगाड्यांच्या मधे एक आखूड नळी उभी बसवून बांधावी. तारा फुगून उभा राहतो. मुलाच्या डोळ्यांतील आश्चर्य त्या क्षणी पाहावे.

पुढची बाजू, मागची बाजू आणि कडांचे दहा अरुंद त्रिकोण यांवर पातळ कागद लावावा. सांगाडा कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारावी, अर्धा इंच जास्त ठेवून कापावे आणि तो भाग खळ लावून नळीवर दुमडावा. एक त्रिकोण उघडा ठेवावा. त्यातून लहानसा एलईडी दिवा आत सोडता येतो. मेणबत्ती किंवा तापणारा जुना बल्ब आत लावू नये. तारा दवात भिजणार नाही अशा ठिकाणी टांगावा.

हा तारा टांगताना मत्तय २:११ वाचावे. मागी लोक ताऱ्यामागोमाग आले, आणि ते घरात गेले, असे तेथे म्हटले आहे. तारा घराकडे नेतो. आपला तारा पाहून कोणी दाराशी आले, तर त्याला आत बोलवायचे असते, हेही मुलांना सांगावे.

तिसरी कृती : गव्हाणीचे घर

लूकने बाळ ठेवल्याची जागा सांगताना वापरलेल्या 'फात्ने' या शब्दासाठी मराठीत 'गव्हाण' हा नेमका शब्द आहे. शहरातील मुलांनी गव्हाण पाहिलेली नसते, म्हणून ती करून दाखवावी. ज्याला आपण 'उतारशाळा' म्हणतो, तो त्याच वचनातील शब्द 'कातालुमा' आहे. प्रभूभोजनाच्या खोलीसाठी लूक २२:११ मध्ये लूकने हाच शब्द वापरला आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील उतारशाळेसाठी मात्र त्याने दुसराच शब्द घेतला. म्हणून अनेक अभ्यासकांचे मत असे की, येथे घरातील पाहुण्यांची खोली अभिप्रेत असावी. ती भरलेली होती, आणि बाळाला घराच्याच खालच्या, जनावरांच्या भागातील गव्हाणीत जागा मिळाली. आपल्या खेड्यांत घराला लागूनच गोठा असतो. ते चित्र मुलांना सहज समजते.

बुटांचे रिकामे खोके आडवे ठेवावे. अर्ध्या भागात दोन इंच उंचीचा पुठ्ठ्याचा ओटा करावा; ही घरच्यांची जागा. उरलेला भाग जनावरांचा. ओट्याच्या कडेशी आगपेटीच्या खोलगट भागाची गव्हाण चिकटवावी आणि जुन्या केरसुणीच्या काड्या बारीक कापून तिच्यात पसराव्यात.

माणसे व जनावरे लगद्याची करावीत. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पिळून खलबत्त्यात कुटावेत. आपल्या आज्या कागदाच्या टोपल्या करताना लगद्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या घालत; त्याने लगदा चिकट होतो. तसे करून थोडी खळ मिसळावी आणि मुलांना मनाजोगते आकार घडवू द्यावेत. डिसेंबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत ते वाळतात.

बाळाला गुंडाळण्यासाठी कापड विकत आणू नये. लूकच्या मजकुरासाठी मराठीत 'बाळंते' हा शब्द आला, ही आपल्यावर मोठी कृपा आहे. बाळंते कधी कोऱ्या कापडाचे नसते. आजीचे धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे किंवा आजोबांचे धोतर फाडून ते करतात, कारण नवे कापड तान्ह्याच्या अंगाला टोचते. घरातील जुन्या सुती साडीचा एक कोपरा नातवंडाच्या हाती द्यावा, ती साडी कोणाची होती ते सांगावे, आणि त्यालाच बाळ गुंडाळू द्यावे.

गोठा सजवण्यासाठी थर्मोकोल आणू नये. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. आणि बंदी नसती तरी जे कधीच कुजत नाही, त्यात प्रभुजन्माचा देखावा मांडणे शोभले नसते.

आजीआजोबांसाठी काही पथ्ये

पहिले पथ्य, मुलाचे काम दुरुस्त करू नये. ताऱ्याचे एक टोक वाकडे राहिले तर राहू द्यावे. मूल झोपल्यावर गुपचूप ते सरळ करणारे आजोबा सकाळी पकडले जातात, हे लक्षात असावे.

दुसरे, नमुना एकदाच करून दाखवावा; मग हात मागे घ्यावेत. आमच्याच नर्मदेच्या काठी, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ही क्वेकर ख्रिस्ती लोकांनी स्थापलेली संस्था, यांनी मिळून गावातील सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. मुलांनी स्वतः करून पाहावे, हे त्याचे सूत्र होते. तो २००२ पर्यंत चालला. या कामात येऊन मिळालेले अभियंते अरविंद गुप्ता पुढे काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि रद्दी कागद यांतून खेळणी करण्यासाठी देशभर ओळखले गेले. पुण्याच्या 'आयुका'तील मुलांच्या विज्ञान केंद्रातही त्यांनी अनेक वर्षे काम केले, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मूल ज्या वस्तूला उघडून, मोडून पुन्हा जोडू शकते, तीच त्याला काही शिकवते.

तिसरे, सणानंतर सर्व उतरवून ठेवताना मुलांना सोबत घ्यावे. साखळी व तारा पुढल्या वर्षासाठी खोक्यात ठेवावे. जे फाटले असेल, ते पुन्हा लगद्यासाठी भिजत घालावे. ज्यांची नातवंडे दूर आहेत, अशांनी पाठकोऱ्या कागदावर कृती लिहून, नमुन्याची एक कडी पाकिटात घालून पाठवावी. ज्यांना नातवंडे नाहीत, त्यांच्या शेजारी आणि मंडळीत मुले आहेतच.

समारोप

कांचघर या नावातच काच आहे. काच ओतणारे लोक फुटक्या काचेचे तुकडे टाकून देत नाहीत. ते नव्या मालाबरोबर भट्टीत घालतात, आणि त्या तुकड्यांमुळे सगळा माल कमी उष्णतेत वितळतो. जुने तुकडे नव्याला मऊ करतात. आपण म्हातारी होत चाललेली माणसे पुष्कळदा स्वतःला रद्दीच समजू लागतो. मुले मोठी झाली, भाषा बदलली, आपले काम संपले, असे आपल्याला वाटते. परंतु आपलीही पाठ अजून कोरी आहे. नातवंडांनी तिच्यावर काही लिहावे, म्हणून प्रभूने आपल्याला वेचून ठेवले आहे.

त्या वाकड्या टोकाच्या ताऱ्यात दिवा लावला, तेव्हा पातळ कागदातून माझी खोडलेली वाक्ये उलटी दिसत होती. नात ती अक्षरे एकेक करून लावू लागली. "गव्हाण म्हणजे काय, आजोबा?" असे तिने विचारले. मी खोक्याकडे बोट दाखवले.

मननासाठी प्रश्न

१. योहान ६:१२ आणि ६:३९ एकत्र वाचा. तुकड्यांविषयीची आज्ञा प्रभूच्या स्वतःच्या कार्याविषयी काय सांगते?
२. मत्तयाच्या वंशावळीतील कोणती 'कडी' आपण स्वतः कदाचित गाळली असती? का?
३. आपल्या घरातील कोणती कथा, कोणते नाव किंवा कोणता शब्द पुढल्या पिढीपर्यंत पोहोचलेला नाही?

प्रार्थना

हे प्रभू, तू तुकडे वेचणारा आहेस. आमच्या घरांतील मोडके, वाकडे आणि विसरलेले तुझ्या हाती देतो. आमच्या नातवंडांच्या लहान हातांना आशीर्वाद दे, आणि आमच्या थकलेल्या हातांना त्यांच्याबरोबर काम करण्याचा धीर दे. आमेन.